मांडीचं हाड मोडलं तर: रॉड टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर काय करायचं, कोणत्या क्रमाने

ऑपरेशन व्यवस्थित झालेलं असतं. एक्सरेमध्ये रॉड सरळ, स्क्रू जागच्या जागी. तरी सहा आठवड्यांनी पेशंट तपासणीला येतो तेव्हा गुडघा धड वाकत नाही आणि धड सरळही होत नाही. चौकशी केली की कळतं, घरी कुणीतरी मायेने गुडघ्याखाली उशी दिली होती आणि ती दीड महिना तिथेच राहिली.

मी पुण्यात हाडांचं काम करतो. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाचं नुकसान ऑपरेशनच्या टेबलावर क्वचित होतं. ते होतं रस्त्यावर उचलताना, वॉर्डात ट्रॅक्शनचं, म्हणजे पाय ओढून धरणारं, वजन कॉटवर ठेवताना, ऑपरेशनच्या सकाळी दिलेल्या चहाच्या कपात आणि घरी गेल्यावरच्या दीड महिन्यात. प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. तो क्रम चुकला की चांगला रॉडही कामी येत नाही. म्हणून हा लेख नातेवाइकांसाठी आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. इथे मांडीच्या हाडाच्या लांब दांड्याबद्दल बोलतोय, म्हणजे खुब्याच्या खालपासून गुडघ्याच्या वरपर्यंतचा भाग. घरात पाय घसरून आजींचा खुबा मोडतो ते दुखणं वेगळं, त्याचं ऑपरेशनही वेगळं. शेजाऱ्यांच्या आजी तिसऱ्या दिवशी चालल्या म्हणून तुमचा मुलगाही चालेल, असं गणित मांडू नका.

## टप्पा १ : रस्त्यावर

दांडा मोडल्याची खूण सहसा लपत नाही. मांडी फुगते, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं आणि माणूस पाय उचलूच शकत नाही. कातडी फाटलेली नसली तरी मांडीच्या आत एक ते दीड लिटर रक्त साठू शकतं. बाहेर थेंब दिसत नाही आणि माणूस मात्र पांढरा पडत जातो. 'रक्त तर आलं नाही, मुका मार असेल' असं म्हणत तासभर घालवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

१. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे. नवले पूल असो, कात्रज बोगदा असो की चाकणचा रस्ता, जवळची खूण सांगा आणि गाडी कोणत्या दिशेने जात होती तेही सांगा. महामार्गावर दिशा चुकली तर रुग्णवाहिकेला लांबचा वळसा पडतो.

२. माणसाला उठवून बसवू नका, उभं करून बघू नका. डोकं किंवा मान दुखत असेल तर मानही हलवू नका.

३. मोडलेला पाय चांगल्या पायाशी बांधा. दोन पायांच्या मध्ये घडी घातलेली चादर किंवा जाड टॉवेल ठेवा. मग ओढणी, पंचा, जे असेल त्याने मांडीच्या वरच्या भागात, गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली आणि घोट्याशी अशा चार जागी बांधा. गाठ चांगल्या पायाच्या बाजूला मारा. नेमकी मोडलेली जागा सोडून द्या. बांधल्यावर पायाची बोटं गार किंवा निळी पडू लागली तर गाठी सैल करा.

४. जखम असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. हाडाचं टोक बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका, वरून कापड झाका. हळद, कॉफी पावडर, चुना यांतलं काही भरू नका. आम्हाला नंतर ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि त्यात चांगलं मांसही जातं.

एका मुलाला छोट्या हत्तीच्या हौद्यात टाकून आणलं होतं. पाय मागच्या फळीवरून अर्धा बाहेर लोंबत होता आणि दोन मित्र त्याला खांद्याला धरून बसले होते. प्रत्येक गतिरोधकावर हाडाची टोकं मांसात फिरत होती. त्याची कातडी आतून फाटली ती अपघातात नाही, त्या प्रवासात. मित्रांनी जिवाच्या आकांताने धावपळ केली होती. पाय बांधायचा असतो, एवढं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

सावध: वाटेत पाणी, चहा, सरबत काही देऊ नका. ओठ ओले करा, तेवढं पुरे. पोट भरलेलं असलं की भूल धोक्याची होते.

अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोचवलं म्हणून पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने अजूनही लोक बाजूला उभे राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्तीही नाही.

## टप्पा २ : कुठे न्यायचं, कोणते कागद

जवळचा दवाखाना रक्तस्राव थांबवायला आणि सलाइन लावायला ठीक आहे, पण तिथेच ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा. ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं सीआर्म मशीन आहे का? पाय ओढून धरणारं ऑर्थोपेडिक टेबल आहे का? रात्रीही रक्त मिळेल का? गरज पडली तर व्हेंटिलेटरसह आयसीयू आहे का? चारपैकी एकाचंही उत्तर 'बघू' असेल, तर पेशंट स्थिर करून पुढे हलवणं शहाणपणाचं. पुणे स्टेशनजवळचं ससून आणि पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण रुग्णालय हे सरकारी आणि महापालिकेचे पर्याय आहेत, शिवाय शहरात खासगी रुग्णालयं भरपूर.

अपघाताची केस एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंदवली जाते. ती नोंद रुग्णालय करतं आणि पोलिसांना कळवतं. आधी एफआयआर आणा, मग उपचार, असं कुणी म्हणू शकत नाही. तातडीचा उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे.

पैशांच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात: योजना ऑपरेशननंतर आठवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि ऑपरेशनआधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून भरती होताच, त्याच तासाला, एका नातेवाइकाने रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या, टेबलावर जायचं. बाकीच्यांनी पेशंटजवळ थांबायचं. रस्ते अपघातासाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे. तिच्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार येतो. पोलिसांकडे अपघाताची नोंद असणं त्यासाठी गरजेचं असतं. खासगी विमा असेल तर कंपनीला फोनही त्याच दिवशी करा.

तपासा: केसपेपरवर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण आणि पेशंटचं आधारवरचं नाव बरोबर लिहिलंय ना? नावातली एक वेलांटी चुकली की मंजुरी अडकते.

## टप्पा ३ : कॅज्युअल्टी आणि ट्रॅक्शन

आधी श्वास, रक्तदाब, डोकं, छाती, पोट. हाड त्यानंतर. 'पाय मोडलाय आणि हे पोटाची सोनोग्राफी काय करताहेत?' असं म्हणून नातेवाईक चिडतात. मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब आणि दणकट हाड आहे. ते मोडायला लागणारा जोर सहसा एकट्या मांडीवर थांबत नाही. म्हणून सगळं शरीर तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक्सरे मांडीचा तर हवाच, पण त्यासोबत खुबा आणि गुडघाही दिसला पाहिजे. दांडा मोडलेल्या काही पेशंटमध्ये खुब्याजवळचा हाडाचा निमुळता भाग, म्हणजे हाडाची मान, बारीक तडकलेली असते आणि पहिल्या एक्सरेत ती निसटते. ती नजरेआड राहिली आणि तसाच रॉड ठोकला, तर तो तडा उघडतो आणि पेशंटपुढे दुसरं, अधिक अवघड ऑपरेशन उभं राहतं. तुम्ही निःसंकोच विचारा: 'डॉक्टर, खुब्याचा एक्सरे झाला का?' शंका असेल तर सीटी स्कॅन करतात, त्याला विरोध करू नका.

जखम उघडी असेल तर अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लगेच दिलं जातं. इथे एकेक तास मोलाचा असतो. रक्तगट, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ते बघणं), हिमोग्लोबिन, साखर, किडनी या तपासण्याही आताच होतात. मधुमेह, दमा, आधीची अँजिओप्लास्टी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, एखाद्या औषधाची अॅलर्जी हे सगळं न विचारताही सांगा. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर घरून पाकिटंच मागवा.

मग ट्रॅक्शन. ऑपरेशन होईपर्यंत पाय ओढून ठेवायचा, म्हणजे स्नायू आकसून हाडाची टोकं एकमेकांवर चढत नाहीत आणि दुखणंही बरंच कमी होतं. कधी पट्टी चिकटवून पायाला वजन लावतात, तर कधी गुडघ्याखालच्या हाडातून पिन घालून.

आता वॉर्डात जाऊन त्या दोरीकडे नीट बघा. कॉटच्या पायथ्याशी कप्पी, तिच्यावरून उतरलेली दोरी आणि खाली वजन. पेशंट हळूहळू खाली सरकतो, वजन फरशीला टेकतं. दोरी सैल पडली की ट्रॅक्शन संपलं, फक्त देखावा उरला. कधी आया चादर बदलताना वजन उचलून गादीवर ठेवते आणि परत सोडायचं राहून जातं. कधी भेटायला आलेले मामा 'बिचाऱ्याला किती ताण पडतोय' म्हणून स्वतःच ते उचलून ठेवतात.

तपासा, दर दोन तासांनी: वजन अधांतरी आहे ना? दोरी कप्पीतच आहे ना? टाच गादीवर घासत नाही ना? पाऊल वरखाली हलवता येतंय ना? काही बिघडलेलं दिसलं तर सिस्टरला बोलवा. स्वतः वजन कमी-जास्त करू नका.

## टप्पा ४ : आज की दोन दिवसांनी?

पेशंट स्थिर असेल तर पहिल्या २४ तासांत रॉड टाकणं उत्तम. मोडलेलं हाड पक्कं झालं की माणूस बसू शकतो, कूस बदलू शकतो आणि छातीची गुंतागुंत टळते. पंचांग काढून मुहूर्त बघू नका. गावाकडचे काका येईपर्यंत थांबूही नका. त्यांच्याशी फोनवर बोला.

थांबायचं ते वैद्यकीय कारणासाठी. डोक्याला किंवा छातीला मोठी इजा असेल, रक्तदाब सावरत नसेल, तर आधी बाहेरून पिना आणि सळई लावून पाय तात्पुरता स्थिर करतात. त्याला एक्सटर्नल फिक्सेटर म्हणतात. रॉड काही दिवसांनी टाकतात. 'एकाच वेळी का नाही केलं, दोनदा भूल कशाला?' हा प्रश्न मला नेहमी येतो. थकलेल्या शरीरावर त्याच रात्री लांब ऑपरेशन लादणं जिवावर बेतू शकतं, म्हणून दोनदा.

सावध: अपघातानंतर पहिल्या एक ते तीन दिवसांत माणूस अचानक बरळू लागला, धाप लागली, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके दिसले तर 'औषधाची गुंगी असेल' म्हणून सोडून देऊ नका. हाडातल्या चरबीचे कण रक्तातून फुप्फुसांत आणि मेंदूत गेल्याची ही लक्षणं असू शकतात. त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा.

हाडवैद्याकडे नेऊ का, असंही दबक्या आवाजात विचारलं जातं. मुळशी, जुन्नर, भोरकडचे पेशंट कधी कधी बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधून, तीन आठवडे घालवून येतात. मोठ्या माणसाच्या मांडीचे स्नायू इतके ताकदवान असतात की बाहेरची कोणतीही पट्टी त्यांची ओढ थोपवू शकत नाही. हाड एकावर एक चढूनच जुळतं. तेव्हा पाय सरळ करायला हाड पुन्हा मोडावं लागतं. तुमच्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही, पण हे हाड त्या मार्गाने सरळ जुळत नाही.

## टप्पा ५ : ऑपरेशनआधीची रात्र

घन अन्न किमान ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी बंद. भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ सांगितली तर तीच पाळा. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तो अन्नात धरायचा. 'फक्त घोटभर दिला' म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि यादीत नंबर मागे जातो. हे दर आठवड्याला घडतं.

तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट या क्षणापासून बंद. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. मी जुळत नसलेल्या हाडांचे पेशंट पाहतो तेव्हा खिशातली पुडी बऱ्याचदा सापडते. मिश्री लावणाऱ्या आजी आणि मावश्या तिला तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम विचारा.

रक्ताची पिशवी लागेल असं गृहीत धरा आणि रक्तदाते आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. संमतीच्या फॉर्मवर सही करण्याआधी बाजू कोणती लिहिली आहे ते वाचा. डावा की उजवा? पायावर पेनने खूण केली जाते, ती पेशंट जागा असतानाच करून घ्या. नखांचं पॉलिश, अंगठ्या, जोडवी, मंगळसूत्र, कवळी काढून ठेवा. मांडीवर घरी वस्तरा चालवू नका. वस्तऱ्याच्या बारीक चिरांमधून जंतुसंसर्ग होतो.

## टप्पा ६ : टेबलावर काय होतं

सही करताना माणसाला आत काय होणार याचा अंदाज असावा, म्हणून क्रम सांगतो.

मोठ्या माणसाच्या दांड्यासाठी बहुतेक वेळा इंटरलॉकिंग नेल वापरतात. लोक त्यालाच रॉड म्हणतात. हाड आतून पोकळ असतं, त्या पोकळीत वरून खालपर्यंत ही पोकळ धातूची सळई जाते. दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसतात, त्यामुळे हाड आखूड होत नाही आणि स्वतःभोवती फिरतही नाही. फ्रॅक्चर सांध्याच्या फार जवळ असेल किंवा पोकळी फार अरुंद असेल, तर प्लेट वापरतात. गरजेप्रमाणे रॉड खुब्याकडून किंवा गुडघ्याकडून टाकतात. कुठून टाकायचा ते फ्रॅक्चरची जागा ठरवते. रॉड स्टीलचा की टायटॅनियमचा, यावर नातेवाईक जितका वेळ घालवतात तितका घालवायची गरज नाही. योग्य लांबी-जाडीचा रॉड योग्य जागी बसला तर दोन्ही धातू काम करतात.

१. भूल: कमरेतून किंवा पूर्ण.

२. पेशंट ऑर्थोपेडिक टेबलावर. पाऊल बुटात बांधून पाय ओढला जातो आणि हाडाची टोकं सीआर्मच्या पडद्यावर बघून समोरासमोर आणली जातात. बहुतेक वेळा मोडलेली जागा उघडावी लागत नाही. ती बंद राहिली तर तिथलं जमलेलं रक्त आणि आवरण हाड जुळायला मदत करतं.

३. खुब्याच्या बाजूला लहान छेद घेऊन हाडात शिरण्याची जागा करायची. सगळ्यात जास्त लक्ष मी इथे देतो. प्रवेश थोडा बाहेरून झाला तरी रॉड आत जाताना वरच्या तुकड्याला वाकवतो.

४. बारीक वायर मोडलेली जागा ओलांडून गुडघ्याच्या वरपर्यंत न्यायची. ती हाडातच आहे हे समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघायचं.

५. त्या वायरवरून पोकळी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने रुंद करायची. शेवटच्या रीमरपेक्षा, म्हणजे पोकळी रुंद करणाऱ्या हत्यारापेक्षा, एक ते दीड मिलिमीटर बारीक रॉड निवडायचा, तो आत सरकवायचा आणि दोन्हीकडे स्क्रू.

६. टेबलावरून उतरवण्याआधी चार तपासण्या: पायाची लांबी, पाय फिरलाय का, खुब्याच्या मानेचा पुन्हा एक्सरे आणि गुडघ्याचे लिगामेंट (सांधा बांधून धरणारे पट्टे). गुडघ्याला त्याच धक्क्यात इजा झालेली असू शकते आणि मांडी मोडलेली असताना गुडघा नीट तपासताच येत नाही.

पाय फिरण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण एक्सरेत सगळं सुरेख दिसतं आणि नेमकी हीच चूक राहून जाते. हाडाचे दोन तुकडे लांबीला अगदी सरळ जुळले तरी खालचा तुकडा स्वतःच्या अक्षावर फिरलेला असू शकतो. साधारण १५ अंशांहून जास्त फिरला तर माणूस पाऊल आत किंवा बाहेर टाकत चालतो आणि जिना उतरताना त्याला ते सतत जाणवतं.

तपासा, दुसऱ्या दिवशी, घरच्यांनीच: पेशंटला सपाट झोपवून दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या छताकडे करा. मग पायथ्याशी उभं राहून दोन्ही पावलं बघा. सारखी उभी आहेत का? दोन्ही टाचा एका रेषेत आहेत का? ठळक फरक वाटला तर राउंडच्या वेळी बोला. सीटी करून नेमकं मोजता येतं. पहिल्या काही दिवसांत ही चूक दुरुस्त करणं सोपं असतं. हाड जुळल्यावर मात्र पुन्हा कापावं लागतं.

लहान मुलांना हा रॉड नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना बहुधा कमरेपासूनचं प्लास्टर पुरतं. त्यापुढे साधारण अकरा वर्षांपर्यंतच्या, फार वजन नसलेल्या मुलांना टायटॅनियमच्या लवचिक सळया घालतात. हाड जुळल्यावर त्या काढतात.

वयस्कर बाईंना फारसा मार न लागता दांडा मोडला आणि त्या कित्येक वर्षं हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी घेत असतील, तर ते नक्की सांगा. ती गोळी दीर्घकाळ घेतल्यावर असं फ्रॅक्चर क्वचित होतं. दुसऱ्या मांडीचाही एक्सरे काढावा लागतो.

## टप्पा ७ : पहिले तीन दिवस

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. त्याने घाबरू नका. मांडीत साठलेलं रक्त आणि ऑपरेशनमधलं रक्त यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी दिसतो.

व्यायाम त्याच दिवशी सुरू होतो. जाग असताना दर तासाला पाऊल वरखाली दहा वेळा. गुडघ्याच्या मागे गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा, असं दहा वेळा. व्यायाम झाला की टॉवेल काढून टाका. गुडघ्याखाली काही ठेवायचं नाही, उशी नाही, चादरीची गुंडाळी नाही. पाय उंच हवा असेल तर उशी टाचेपासून पोटरीपर्यंत लांब ठेवा आणि गुडघा सरळ राहू द्या.

पोटरी एकाएकी सुजली आणि दाबल्यावर दुखू लागली, किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यायची आणि लगेच सांगायचं. गुठळी टाळण्याचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर घरी गेल्यावरही दिलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण करा.

बहुतेकांना पहिल्या-दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. पहिल्यांदा चक्कर येते. कॉटच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा, मग उठा.

डिस्चार्जच्या वेळी हातात घ्या: डिस्चार्ज कार्ड, सगळे एक्सरे आणि रॉड-स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर लावलेला कागद. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. पुढे कधी एमआरआय करायचा असेल किंवा रॉड काढायचा असेल, तेव्हा याच कागदाची शोधाशोध होते.

## टप्पा ८ : घरी, पहिले सहा आठवडे

वजन किती टाकायचं, हा प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी विचारा आणि उत्तर कार्डावर लिहून घ्या. हाड दोन तुकड्यांत मोडलं असेल आणि रॉड घट्ट बसला असेल, तर बहुतेकदा सोसेल तितपत वजन टाकायला लगेच परवानगी मिळते. चुरा झालेला असेल तर काही आठवडे पाय फक्त टेकवायचा असतो. दोन्हीकडून चूक होते. परवानगी असून घाबरून महिनाभर पाय अधांतरी ठेवणारे असतात, आणि मनाई असून चौथ्या आठवड्यात गाडीला किक मारणारेही.

चालताना क्रम असा: आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या अरुंद लाकडी जिन्यावर वॉकर चालत नाही. असं घर असेल तर पहिले काही आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकाकडे सोय करा. पुढे काठी घ्याल तेव्हा ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूला धरतो.

कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. कोपऱ्यातली पायपुसणी आणि सैल सतरंजी उचलून ठेवा.

गुडघा. रोज तीन वेळा, कॉटच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा आणि चांगल्या पायाने हळूच मागे रेटायचा. दुखतं. तरी करायचं. टाके काढायला, म्हणजे साधारण १२ ते १४ दिवसांनी याल, तेव्हा गुडघा काटकोनापर्यंत वाकलेला असावा असा माझा आग्रह असतो. तीन महिन्यांनी फिजिओथेरपी सुरू करणाऱ्याला हाच वाक मिळवायला कित्येक पट त्रास होतो आणि कधी भुलीखाली गुडघा वाकवावा लागतो.

मालिश करू नका. तेल गरम करून मांडी चोळणं आपल्याकडे प्रेमाचं काम मानतात, पण मार लागलेला स्नायू चोळला तर त्यात हाडासारखे कडक थर बनू शकतात.

खाण्यात पथ्य कसलं? आंबट खाल्लं, भात खाल्ला की पू होतो, हा समज अजून घराघरांत आहे. त्यापायी ताक, लिंबू, टोमॅटो, डाळ सगळं बंद करून पेशंटला पेज पाजली जाते आणि ऐन गरजेच्या वेळी प्रथिनं मिळत नाहीत. अंडी, मासे, मटण चालत असेल तर द्या. नसेल तर डाळी, उसळी, दूध, पनीर, नाचणी. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून कमी असेल तर गोळ्या घ्या. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा.

लगेच या: टाक्यांतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप, कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढणं, पाय पुन्हा वाकडा दिसणं.

## टप्पा ९ : हाड जुळलं का?

सहा आठवड्यांनी एक्सरे, मग तीन महिन्यांनी, मग गरजेप्रमाणे. हाड जुळायला सहसा तीन ते सहा महिने लागतात. दुखत नाही म्हणून तपासणी चुकवू नका. रॉड भार पेलत असतो, म्हणून दुखत नाही. हाड जुळलं नाही आणि चालणं चालू राहिलं तर रॉड थकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसा स्क्रू किंवा रॉडही तुटतो. जुळणी मंदावली आहे असं दिसलं तर कधी एका टोकाचे स्क्रू काढतात, कधी रॉड बदलून जास्त जाड रॉड टाकतात. वेळेवर कळलं तर यातलं बहुतेक सगळं निभावतं.

गाडी कधी? काठीशिवाय न लंगडता चालता येऊ लागल्यावर आणि अचानक ब्रेक दाबताना पाय कचरत नसेल तेव्हाच. त्याआधी बसा, पण मागे.

'आता रॉड काढायचा का?' मोठ्या माणसात त्रास नसेल तर काढायची सक्ती नाही. रॉडचं टोक खुब्याशी टोचत असेल किंवा स्क्रू बोचत असेल तर काढतात, तेही हाड पूर्ण जुळल्यावर, बहुधा दीड-दोन वर्षांनी. काढायचं ठरवलं तर आधी स्टिकरचा तो कागद शोधा, कारण प्रत्येक कंपनीचा रॉड बाहेर ओढायचा पाना वेगळा असतो. काढल्यावर दुसऱ्या दिवशी चालता येतं, पण स्क्रूची भोकं भरून यायला वेळ लागतो. तोवर काही आठवडे धावणं, उड्या मारणं आणि सिंहगड चढणं थांबवा.